चिंचेनं घासलेली वीट

आमच्या सरांच्या गाडीचं पीयूसी एकदा मी स्वतः काढून आणलंय. गाडी न नेता. टपरीवाला म्हणाला, "गाडी कशाला आणताय पावणं? नंबर सांगा की." मी नंबर सांगितला, त्यानं कागद दिला. तो कागद खिशात घालून सर त्याच दुपारी 'स्वच्छ हवा' या विषयावर भाषण ठोकायला गेले. अशा माणसाच्या हाताखाली मी गाड्यांच्या धुरावर सहा वर्षं संशोधन केलं. तेव्हा हसायचंच असेल तर आधी मला हसा.

संशोधन काय, तर गाडीच्या सायलेन्सरच्या अलीकडे एक डबा असतो. त्यात सिरॅमिकची एक वीट बसवलेली असते, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची. भोकांना आतून धातूचा पातळ लेप असतो. विषारी धूर त्यातून जाताना त्या लेपामुळं बराचसा निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. त्यासाठी पॅलेडियमसारखे महागडे धातू लागतात. तेच काम तांब्याकडून करून घ्यायचं, या खुळानं मला पछाडलं होतं. तांबं स्वस्त, पण धुरात टिकत नाही. माझं टिकतं, असा माझा दावा होता.

दावा खरा की खोटा हे बघायला वीट सहा महिने गाडीत चालवायला हवी होती. आमच्याकडे इंजिन चाचणीची खोली नव्हती. तिच्या भूमिपूजनाचा फोटो मात्र होता, त्यात सर कुदळ धरून हसतायत. शेवटी मी थोरल्या भावाला गाठलं. दादाची जुनी पेट्रोल व्हॅन आहे, कोल्हापूर ते जयसिंगपूर वडाप मारतो. वडाप म्हणजे गाडी गच्च भरल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलत नाही, ती सेवा.

"गाडीचं पिकअप मारणार न्हाय न्हवं?" एवढंच त्यानं विचारलं.

"न्हाय."

"मग बसीव."

वीट बसली आणि हातकणंगल्याच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, कोंबड्या आणि पोती यांच्या सेवेत माझं विज्ञान सहा महिने पळालं. तशी धड वीट माझ्याकडे एकच होती. आधीच्या दोन भट्टीतच तडकल्या होत्या. दसऱ्यानंतरच्या सोमवारी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत बैठक होती. त्यांच्याच जिवावर प्रकल्प चालला होता. विटेतलं तांबं टिकलं असेल तर प्रकल्प पुढे, आणि माझी कंत्राटी नोकरीही पुढे. नसेल तर दोन्हीचा निकाल.

आता माझं पाप सांगतो. परिषदेत मी चाळीस मिनिटं न थांबता बोलायचो. घरी आईनं विचारलं, "तू करतोस तरी काय रं तिथं?" की माझं ठरलेलं उत्तर, "तांब्याचं एक काम हाय. तुला न्हाय कळायचं." सहा वर्षांत याच्या पुढं एक शब्द नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा असते. वडिलांचा कोयता आणि फवारणीचा पंप, दादाचे पाने-पकडी, वहिनीचं शिलाई मशीन. माझं म्हणून आई एक पेन ठेवायची. एका वर्षी तिनं माझ्या लॅपटॉपला कुंकू लावायला बोट पुढं केलं, तर मी केवढ्यानं तरी ओरडलो होतो. पुढं पेनावरच भागवलं तिनं. शेजारीण विचारायची, "ह्याचं हत्यार काय?" आई म्हणायची, "त्याचं डोस्क्यातलं काम हाय." हे बोलताना ती पेन जरा सरळ करायची.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळीच मेकॅनिकनं वीट काढली. मी लॅबमध्ये बैठकीच्या स्लाइड रंगवत बसलो होतो. दादाला फोनवर सांगितलं, "घरात जपून ठेव." त्यानं ती आईच्या हातात दिली. आमच्या घरात यापेक्षा जपून ठेवायची जागा नाही.

दिवस मावळायच्या आत घरी आलो, तर गच्चीवर घागर, बंब, तांब्या ओळीनं वाळत होते, आणि त्यांच्या शेजारी माझी वीट. गाडीतनं काळीकुट्ट निघालेली ती पांढरीफेक होऊन बसली होती. बाजूच्या पातेल्यात हिरवट पाणी.

"आई, हे काय?"

"घासलं की! केवढं काळं झालतं, बाई बाई! सकाळधरनं चिंचमिठाच्या पाण्यात घातलतं. मग जुन्या ब्रशनं भोकं काढली."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच म्हणालतास की, तांब्याचं काम हाय म्हणून."

चिंचेनं तांब्याचा थर सुटतो, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. डॉक्टरेट घेतलेल्या मला ते पातेल्यात बघावं लागलं. सहा वर्षं हिरवं पाणी होऊन पडली होती. संतापानं माझं कपाळ तडतडत होतं, मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ती पदराला हात पुसत म्हणाली, "उद्या पूजेत मांडायचं. औंदा तुझं बी काय तरी हाय."

मग काय बोलणार, कप्पाळ? दुसऱ्या दिवशी वीट पाटावर बसली, कोयत्याच्या आणि पंपाच्या मधे, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून. शेजारीण आली तेव्हा आईनं आपण होऊन दाखवली.

लॅबमध्ये नळीनं थोडा धूर सोडून तपासली. मेलेली. धूर जसा आत गेला तसा बाहेर आला. सरांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "नव्या विटेचे जुने आकडे आहेत ना? ते जरा खाली ओढा आणि सहा महिन्यांनंतरचे म्हणून लिहा. इतकं मनाला लावून घेऊ नका, सगळे हेच करतात." मी बाणेदारपणे नकार दिला असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी आकडे ओढले. नोकरी जायची भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

कागलला स्लाइड छान झाल्या. सर माना डोलवत होते. मग कंपनीच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं वीट मागितली, उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून भोकांतून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ह्यात कुंकू हाय की हो."

सर खिडकीबाहेर बघू लागले. धुरातनं आलेल्या विटेत कुंकू कुठलं आणि ती एवढी पांढरी कशी, याला माझ्याकडे स्लाइड नव्हती. मी सगळं सांगितलं. चिंच, ब्रश, खंडेनवमी, आणि ओढलेले आकडेही. खोलीत हशा पिकला. इंजिनिअर हसला नव्हता. वीट माझ्या हातात देत तो म्हणाला, "आईनं धुतली त्याचं काय न्हाय, परत करता आली असती. आकडे तुम्ही धुतले. प्रकल्प हितंच थांबवू." जिन्यात सर मला म्हणाले, "एवढं खरं बोलायची काय गरज होती?"

घरी आलो तर आई दारातच उभी. "काय म्हणालं सायब? स्वच्छ हुतं न्हवं?"

"एवढी स्वच्छ वीट त्यांनी जन्मात बघितली नव्हती."

तिचा चेहरा असा फुलला की माझाच मला राग आला. "म्होरल्या वर्षी दोन दिवस आधी आणून दे," ती म्हणाली. "औंदा घाईत कोपऱ्यातली भोकं नीट निघाली न्हाईत."

मी बरं म्हणालो. नोकरी जाऊन वर्ष होत आलं, अजून घरी सांगितलेलं नाही. खंडेनवमी पुन्हा जवळ आलीय, घागरी गच्चीवर निघाल्यात, आणि काल तिनं पाटावर कोयता आणि पंप यांच्या मधे जागा मोकळी ठेवून बघितली. पेनावर ती आता भागवायची नाही.