मागून येणाऱ्याला सांगायचं

माळ्यावरच्या पेटीत माझा जुना हेडसेट सापडला. कानावरच्या स्पंजला अजून घामाचा वास येतो. त्या वासाने मी वीस वर्षं मागे, भर पावसाळ्यात, रत्नागिरीच्या दीपगृहावरून उडत असते.

मी नवी कॅप्टन होते. आमचं आणि दुसऱ्या एका कंपनीचं छोटं विमान रोज सकाळी पाठोपाठ मुंबईहून गोव्याला निघायचं. त्यांचे कॅप्टन सावंत लांज्याचे, मी रत्नागिरीची. आधी कोण उतरतं, याची चुरस. त्या दिवशी त्यांना हरवायचंच, असं मी ठरवलं होतं.

पुढच्याने मागच्याला ढगांची खबर द्यायची, ही सगळ्याच वैमानिकांची रीत. त्या सकाळी पुढे असलेले सावंत रेडिओवर म्हणाले, "बाय, समुद्रावरनं वळसा घालून ये."

माझ्या रडारवर ढगांतून सरळ वाट दिसत होती. मला मुद्दाम लांबून पाठवतायत, असं वाटलं. "मी सरळच येणार," मी म्हटलं.

"ऐक गो. ती वाट खोटी आहे. जवळच्या पावसाआडचा पाऊस रडारला दिसत नाही. मी आत फसलोय." धक्क्यांनी त्यांचा आवाज तुटत होता.

मी वळले, आणि ते ढगांतून बाहेर पडेपर्यंत गोव्यात आधी उतरले. तेव्हा नुसती लाज वाटली. हादरे खात असताना आपली चूक चुरशीतल्या माणसाला सांगायला काय लागतं, ते आज कळतं.

ते उतरले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिंब होता. मी माफी मागायला गेले, तर म्हणाले, "उद्याही पुढे राहा. फक्त सांगत जा."

मी निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले, मागे कुणाचंही विमान असो.