रिकाम्या नळीत कापूस

जिथे काम करणारं माणूस एकच, तिथे किस्से फार साचतात. परदेशात शिकत होते तेव्हा ते जेवणाच्या टेबलावरच संपायचे. यवतमाळात ते माझ्या डब्याबरोबर घरी येतात.

रुग्णालयातल्या माझ्या खोलीत सिक्वेन्सिंग मशीन आहे. रक्तातले जनुकीय तुकडे वाचून ती ताप कुठल्या जंतूचा, ते सांगते. इन्व्हर्टर बसवायला आलेल्या युसूफभाईंना मी हे अगदी जीव ओतून समजावलं. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली.

"म्हणजे ताप किती हाय, हे नाही सांगत?"

"नाही."

"मंग थर्मामीटर तरी घ्या एखादा!"

*

पहिल्याच चाचणीत पेशंटच्या रक्तात चक्क कापूस निघाला! पडताळणीसाठी नुसतं शुद्ध पाणी भरलेल्या नळीतही कापूस! पलीकडे कापसाची जिनिंग मिल, आणि मी हवेसाठी खिडकी उघडी ठेवलेली.

वॉर्डातले डॉक्टर सर गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, याले डिस्चार्ज देऊ, का मार्केट यार्डात पाठवू?"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, खोलीत परत आल्यावर. त्यानंतर सरांनी नमुने पाठवणंच बंद केलं.

*

मग नेरकडच्या तांड्यावरची गेंदाबाई आली. ताप हटेना, कंबर धरलेली, बाई दिवसेंदिवस खंगत चाललेली. सगळे उपाय थकल्यावर सरांनी तिचं रक्त पाठवलं. "पाहा, कापसाशिवाय काही दिसते का."

खिडकी बंद. पाण्याची नळी कोरी. आणि रक्तात ब्रुसेला, शेळ्यांकडून माणसाला लागणारा जंतू! मी आनंदानं जुन्या मैत्रिणींना मेसेज टाकला. तिकडे रात्र, सगळ्या झोपलेल्या.

सर म्हणाले, "कच्चं दूध पेते का, इचारा तिले."

"दूध मी कायले पिऊ? ते पिलायचं," गेंदाबाई म्हणाली. मग जरा थांबली. "शेळी अडली होती. म्या हातानं सोडवलं. पिलू सास घेऊन नव्हतं राह्यलं, तं त्याच्या तोंडात फुकलं."

"वाचलं?" मी विचारलं.

"नाही वं."

सरांनी रक्ताची दुसरी तपासणी केली. तीही जुळली. औषध बदललं आणि ताप उतरला.

*

घरी जायच्या दिवशी गेंदाबाई आपला जंतू पाहायला खोलीत आली. मी पडद्यावर अक्षरांच्या ओळी दाखवल्या. तिला त्यात काही राम वाटला नाही. तिनं मशीनवर हात ठेवला.

"गरम लागून राह्यली वं पोरी. इच्याजवळ कोन बसते?"

"मी."

"अन् तुह्याजवळ?"