एक खुर्ची जास्त

खोलीत शिरला की तो आधी खुर्च्या मोजायचा. माणसं नंतर.

माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात कागदांची फाईल होती आणि नजर भिंतीलगत फिरत होती. मी म्हटलं, "बसा." तो बसला नाही.

"सिस्टर, अकरा खुर्च्या आहेत. बसता किती जणी?"

"चौघी."

"मग सात रिकाम्या का ठेवल्यात?"

रियाधच्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज आहे. बावीस वर्षं याद्या करते: ड्युटीची यादी, सामानाची यादी, घरी गावाला न्यायच्या वस्तूंची यादी. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही पडला नव्हता. दुपारपर्यंत मी सातही खुर्च्या स्टोअरला परत केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यातली एक हा स्वतः डोक्यावर घेऊन आलेला.

"एक जास्त ठेवायची, सिस्टर. सात ठेवल्या की खोली ओसाड दिसते. एक ठेवली की कोणीतरी येणार आहे असं वाटतं."

तो घानाचा. कुमासी शहरातला. वय पन्नाशीच्या आसपास, उंच, कपड्यांना कडक इस्त्री. आमच्याकडे ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, ट्रेमध्ये बांधून, वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायचं त्याचं काम. त्याच्या ट्रेमध्ये एक चिमटा कधी कमी निघाला नाही. माझ्यासारख्या बाईला याहून मोठं प्रशस्तिपत्र लिहिता येत नाही.

फक्त एका जागी उभं राहणं त्याला जमत नसे. मशीन चालू केली की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. आमच्या स्टोअरचे चाचा हर्णैचे. ते म्हणायचे, "बाई, ह्याच्या पायाला भिंगरी बांधलीय काय? बघून बघून मलाच चक्कर येते." मेट्रो सुरू झाली तेव्हा आम्ही काही जण हौसेने फिरायला गेलो. सगळे खिडकीबाहेर बघत होते. हा डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत रिकाम्या सीट मोजत होता.

ही येरझार कशासाठी, ते मला उशिरा कळलं. त्याचं अर्धं लक्ष कायम कुमासीत असे. तिथे त्याने एक मंडळी सुरू केली होती. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक उपासनेला जमणाऱ्यांना मंडळी म्हणतो, ती. सुरुवात त्याच्या बायकोच्या केस विंचरायच्या दुकानात झाली. रविवारी दुकान बंद, तर गिऱ्हाइकांच्याच सहा खुर्च्या वापरायच्या. पाच माणसं आणि एक खुर्ची जास्त. पहिल्या महिन्यात त्या सहाव्या खुर्चीवर शेजारची टोमॅटो विकणारी म्हातारी येऊन बसली. मग सातवी मांडली. तिच्यावर एक ड्रायव्हर बसला, तो बायकोला घेऊन आला. हा नोकरीसाठी इकडे आला तेव्हा खुर्च्या दुकानातून बाहेर फुटपाथवर गेल्या होत्या.

"आणि पाऊस आला तर?" मी विचारलं होतं.

"मग जवळजवळ बसतात. जवळ बसले की आवाज वाढतो."

दर रविवारी तो बायकोला एकच प्रश्न विचारायचा, "आज किती मांडल्या?" आणि आकडा मला येऊन सांगायचा. चाळीस. त्रेपन्न. सत्तर. मी तो आकडा वहीत लिहू लागले. का, ते विचारू नका. तुमच्यापैकी ज्यांना याद्या करायची सवय आहे त्यांना कळेल.

मी स्वतः नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळीतली. आमचं चर्च दगडी, बाकं दीडशे माणसांची. लहानपणी मुलांना खाली सतरंजीवर बसावं लागे, इतकी गर्दी. नंतर शिकलेले पुण्याला गेले, नर्स झालेल्या आम्ही इकडे आलो. त्याचा आकडा वाढला की मला आनंद व्हायचा आणि थोडा रागही यायचा. कोणावर, ते सांगता येत नाही.

आता माझी चूक सांगते.

इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. आम्ही इथले ख्रिस्ती लोक इतकी वर्षं रविवार शुक्रवारीच करत आलो. कोणाच्या तरी घरी चार जणी जमायचं, हळू आवाजात दोन गीतं म्हणायची, प्रार्थना, चहा. माझ्या डोक्यात शुक्रवार म्हणजेच रविवार असं पक्कं बसलेलं. म्हणून मी त्याच्यावर मेहेरबानी केली. सहा महिन्यांच्या यादीत सगळे शुक्रवार त्याला दिले. शुक्रवारसाठी डिपार्टमेंटमध्ये भांडणं होतात. चाचा तर उघड बोलले, "वा बाई! जुम्मा माझा आणि सुट्टी त्याला!"

तो मात्र हात जोडून "थँक्यू, सिस्टर" म्हणाला. त्याला माझी चूक कळली होती. तोंडावर सांगायला संकोचला.

कुमासीत रविवारी सकाळी नऊ वाजता उपासना. तेव्हा आमच्याकडे दुपारचे बारा, म्हणजे सकाळच्या ऑपरेशनची हत्यारं परत येण्याची वेळ. आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ.

त्याच सुमारास मंडळी शंभरावर गेली आणि त्यांच्यात वाद सुरू झाला. नवा तरुण पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, हुशार होता, लोक त्याचं ऐकायला लांबून येत. त्याने मुख्य रस्त्यावरचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर बघून ठेवलं. चारशे सीट. छप्पर, पंखे, माईक.

"मग चांगलंच आहे की!" मी म्हटलं.

तो जागच्या जागी दोन पावलं फिरला. "तिथल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत, सिस्टर. काढता येत नाहीत, मांडता येत नाहीत. आणि म्हातारीला तिथवर चालवत नाही."

एका रविवारी उपासनेच्या सुरुवातीलाच हात वर करून निर्णय होणार होता. त्याने माझ्याकडे बारा वाजता वीस मिनिटं मागितली, कशासाठी ते न सांगता. मी यादी बघितली. दोन ऑपरेशनं मागे पडली होती.

"सगळे शुक्रवार तुम्हालाच दिलेत," मी म्हटलं. "आता रविवारही हवा?"

"ओके, सिस्टर," तो म्हणाला.

त्या रविवारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी काचेपाशी गेले. आत टेबलावर न मोजलेली हत्यारं, आणि हा भिंतीकडे बघत उभा. कानात इअरफोन. उजवा हात सरळ वर. निळा हातमोजा तसाच. मला वाटलं, कोणाला तरी बोलावतोय, किंवा दुखतोय हात. मी काचेवर टकटक केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

त्याने हात खाली घेतला. इअरफोन काढला. हत्यारं मोजायला लागला.

मी त्याला लेखी ताकीद दिली. त्याने न वाचता सही केली आणि पेनला टोपण लावून परत दिलं.

दोन दिवसांनी चाचांनी मला स्टोअरच्या दारात गाठलं. चाचा एरवी कोणाच्या भानगडीत पडणारे नव्हेत.

"बाई, त्याला शुक्रवार दिलात आणि रविवार घेतलात. त्याच्या देवाचा दिवस रविवारच असतो ना? मला ठाव हाय, तुम्हाला नाय?"

मग चाचांनीच सगळं सांगितलं: मतदान, फोन, वर केलेला हात. त्याची बायको तिकडे फोन उंच धरून उभी होती म्हणे, सगळ्यांना कळावं की हाही आहे.

मी फाईलमधून ताकीद काढली आणि त्याच्याकडे गेले. माफी मागायची मला सवय नाही. ती यादीत कधी नसते. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "हे चुकलं माझं. तुमचा हात मोजला गेला असता."

"सिस्टर, थिएटरच्या बाजूचे हात खूप जास्त होते. माझ्या एकाने काही झालं नसतं." मग म्हणाला, "पण तेवढा वेळ वर होता, तोवर मी तिथेच होतो."

कागदाची त्याने चार पदरी घडी केली, माझ्या ऑफिसात आला आणि त्या पाचव्या खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. "आता हलणार नाही," म्हणाला. हसला. मला हसता आलं नाही.

मी त्याचे सगळे रविवार मोकळे केले. शुक्रवार चाचांना दिले. पण आता त्याच्या रविवारांना अर्थ राहिला नव्हता. थिएटरमधला आकडा बायकोला मोजता येईना, आणि मोजून उपयोगही नव्हता. त्याची येरझार वाढली. दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत, देश कायमचा सोडायचा फायनल एक्झिट, सगळं शांतपणे. शेवटच्या दिवशी ट्रेच्या याद्या पुन्हा लिहून, तारखा घालून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"फोनवरून मंडळी चालत नाही, सिस्टर. यल्ला, निघतो."

पोहोचल्यावर त्याचा एक आवाजी निरोप आला. मी तो बऱ्याचदा ऐकला. "सिस्टर, थिएटरमध्ये जाऊन आलो. भरलेलं होतं! दारात एक मुलगी उभी होती. तिने विचारलं, नवीन आहात का? मी म्हटलं, हो. तिने माझा हात धरून मला जागा दिली. नव्या माणसाला जागा देतात अजून." आणि तो मोठ्याने हसला. मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. बायकोच्या दुकानात त्याने पुन्हा सुरुवात केली होती. नऊ माणसं राहिली होती, टोमॅटोवाली धरून. "दहा मांडल्यात," म्हणाला.

त्यानंतर त्याचा नंबर लागला नाही. चाचांनीही करून पाहिला.

गेल्या सुट्टीत मी गावी गेले. रविवारी चर्चमध्ये शिरले आणि बसायच्या आधी मोजलं. अकरा माणसं. प्रत्येक जण आपल्या घराण्याच्या जुन्या बाकावर, एकमेकांपासून लांब, आणि मध्ये रिकाम्या बाकांच्या रांगा. पाळकसाहेबांना ओरडून बोलावं लागत होतं.

पुढच्या शनिवारी मी घंटा वाजवणाऱ्या बाबांना म्हटलं, "बाबा, बाकं बाहेर व्हरांड्यात काढायची का?"

"कशाला गं? नाताळला लागतात."

"नाताळला आत घेऊ."

दुपार गेली. बाबांची कंबर धरली, माझ्या हाताला फोड आले. आत तीन बाकं ठेवली, व्यासपीठाजवळ, एकामागे एक. पाळकसाहेबांच्या घरून एक लाकडी खुर्ची आणली आणि तिसऱ्या बाकाच्या टोकाला मांडली.

रविवारी लोक आले, दारात थबकले, कुरकुरले आणि शेवटी खेटून बसले. माझी थोरली काकू त्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "अगं, अजून कोणी यायचंय का?"

"हो," मी म्हटलं.

गीत सुरू झालं. बारा जणांचा आवाज त्या दगडी भिंतींना लागून परत आला. काकूने माझ्या मांडीवर चापट मारली, म्हणाली, "पुढे बघ की!" मी पुढे बघितलं. मग पुन्हा दाराकडे.