कॉफीला चोळलेलं एरंडेल

वाशीममध्ये 'मी कॉफी विकत घेते' असं सांगितलं की समोरचा विचारतो, कोणत्या दुकानातून? आधी मी बसून समजावायची. बाबा रे, पुडीतली नाही, बागेतली. एकाच माणसाच्या झाडांची दहा-वीस किलो, चव पाहून घ्यायची, मागच्या खोलीत लहानशा मशीनवर भाजायची आणि नागपूर-पुण्याच्या चार कॅफेंना पाठवायची. आता नाही समजावत. सोयाबीन-तुरीच्या या जिल्ह्यात जी बाई दहा किलो मालासाठी तीन बस बदलून चिखलदऱ्याला जाते, तिच्याबद्दल लोकांनी मत आधीच करून ठेवलेलं असतं. ते मत अगदीच चूक असतं असंही नाही.

त्यात चव पाहायची आमची रीत. चमच्यात कॉफी घ्यायची, गल्लीला ऐकू जाईल असा भुरका मारायचा, तोंडभर फिरवायची आणि थुंकायची. चांगली असली तरी थुंकायची, कारण एका बैठकीत वीस पेले असतात आणि काळीज एकच. सासूबाई शेजारणींना माझा धंदा तीन शब्दांत सांगतात, भाजते, भुरकते, थुंकते. एवढा अचूक परिचय मला स्वतःलाही कधी जमला नाही.

सासूबाई आसेगावच्या. धान्यातलं त्यांना सगळं कळतं, हे त्या स्वतः सांगतात आणि गल्लीही मान्य करते. तूर दाताखाली फोडून ओल सांगतात, मूठभर डाळ कानाशी हलवून जुनी की नवी ते सांगतात. होळी झाली की आमच्या गच्चीवर गल्लीतल्या निम्म्या घरांची डाळ वाळत पडते. ती निवडायची, पाखडायची, एरंडीचं तेल चोळायचं आणि कोठीत भरायची, म्हणजे वर्षभर भुंगा फिरकत नाही. तेल किती घ्यायचं हे त्यांनाच विचारतात. माझ्या कॉफीकडे मात्र त्या कधी वळून पाहत नसत, आणि मी त्यालाच आमचा सलोखा समजत होते.

चिखलदऱ्याचा तो म्हातारा माझा सगळ्यात जुना शेतकरी. बापाच्या हातची कॉफीची झाडं, सावलीतली, एकूण सात ओळी. फक्त लाल झालेलं फळ तोड, हिरवं-लाल एकत्र ओरबाडू नको, म्हणून मी तीन वर्षं त्याचं डोकं खाल्लं होतं. यंदा त्याने ऐकलं. एकेक फळ निवडून तोडलं, खाटेवर जाळी टाकून वाळवलं, रोज चार वेळा हलवलं. निघाली बारा किलो. पोत्याचं तोंड शिवता शिवता त्याने सांगितलं, की मुलगा कॉफी काढून स्ट्रॉबेरी लावायच्या मागे लागलाय. हे बारा किलो नागपूरच्या कॅफेवाल्याने मी ठरवलेल्या दराने घेतले तर झाडं राहतील, नाहीतर मुलगा म्हणतो तसं. मग पोतं स्वतः उचलून एसटीच्या डिक्कीत ठेवलं आणि बस सुटेपर्यंत डिक्कीपाशीच उभा राहिला.

कॅफेवाला शनिवारी चव पाहायला येणार होता. बुधवारी मी मैत्रिणीकडे शिरपूरला गेले. संध्याकाळी परत आले तर गच्चीवर जुन्या लुगड्यावर माझी कॉफी पसरलेली, मावळतीच्या उन्हात चकचकत असलेली. सासूबाई हात पुसत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, की माल बरा आहे पण निगा नाही. तशीच पोत्यात ठेवली असती तर महिन्यात भुंगा लागला असता. सगळी निवडली, वाटीभर तेल चोळलं, आता दोन वर्षं पाहायला नको.

कॉफीचा दाणा शेजारची अगरबत्तीसुद्धा ओढून घेतो हो! त्याला यांनी एरंडेल पाजलं होतं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी मूठभर दाणे कपड्याने पुसून भाजून पाहिले, तर खालच्या घरातून निरोप आला, कोणाचं पोट बिघडलं आहे का. तरी मी चव पाहिली, कारण आशा सुटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कॉफी थुंकताना मला मनापासून आनंद झाला. सासूबाई सगळं पाहत होत्या.

आता म्हाताऱ्याला फोन करणं आलं. 'बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत' या म्हणीवर माझं घर चालतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, डिक्कीत कोणीतरी डिझेलचा कॅन ठेवला होता, सगळ्या मालाला वास लागला, फेकावा लागतोय. सासूबाईंचं नाव वाचलं, माझंही वाचलं, आणि एसटीला काय, अशा शिव्यांची सवय असते. म्हातारा म्हणाला, चूक माझीच, ताई, मीच डिक्कीत ठेवलं, मांडीवर घेऊन जा म्हणायला पाहिजे होतं. मी त्याची समजूत घातली आणि हलक्या मनाने जेवायला बसले.

सकाळी सासूबाईंनी विचारलं, तो काय म्हणाला? मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं, तुमचं नाव कसं येऊ दिलं नाही ते. त्यांचा चेहरा असा झाला की मला चहा खाली ठेवावा लागला.

"माह्या हातचा दोष त्या माणसाच्या डोक्यावर काहून ठेवला? लाव फोन."

मी लावला. म्हाताऱ्याने उचलला, पण मागून घरघर एवढी येत होती की त्याचा आवाजच कळेना. कसली घरघर विचारलं, तर म्हणाला, जेसीबी आहे. आपल्याच हाताने माल घालवला, आता कशाला अडून बसायचं, म्हणून त्याने रात्री मुलाला हो म्हणून टाकलं होतं. मुलानेही मग वाट पाहिली नाही, पहाटेच मशीन आणलं. माझ्या हातातून फोन सासूबाईंनी ओढून घेतला.

"भाऊ, डिझेल-बिझेल काही नव्हतं. तेल मी चोळलं, एरंडीचं, ह्या हातानं. तुमचा माल चोख होता. ते मशीन थांबवा आधी."

तिकडून म्हाताऱ्याचं ओरडणं ऐकू आलं, मग मुलाचं, मग पुन्हा म्हाताऱ्याचं. आम्ही दोघी एका फोनला कान लावून उभ्या. घरघर थांबायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी किती देव मोजले ते मलाच ठाऊक. थांबली. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की घरात थोडीफार शिल्लक आहे का. होती, मागे राहिलेली, न निवडलेली, चार-एक किलो. घेऊन या, मी निवडते, म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात कोंबून आंघोळीला गेल्या.

शुक्रवारी म्हातारा आला, कापडी पिशवी खरोखर मांडीवर घेऊन. दुपारभर दोघं सूप मध्ये ठेवून बसले होते आणि भांडत होते. कॉफीचे दाणे चपटे, डाळीसारखे, पण मधूनच एखादा गोल असतो. डाळीत गोल दाणा म्हणजे भरडायचा राहिलेला, म्हणून सासूबाई तो वेचून टाकायच्या. तोच दाणा सगळ्यात गोड लागतो, म्हणून म्हातारा तो परत सुपात टाकायचा. तीन वेळा मी मध्ये पडले आणि तिन्ही वेळा दोघांनी मिळून मला गप्प केलं. तीन किलो स्वच्छ माल निघाला.

शनिवारी कॅफेवाल्याने भुरका मारला, डोळे मिटले, थुंकला, पुन्हा भुरकला. सासूबाई पाठ करून बसल्या होत्या, त्यांना पाहुण्याने थुंकलेलं बघवत नाही. त्याने तीन किलो घेतली, मी सांगितलेल्याच दराने, आणि विचारलं, बाकीची नऊ किलो कुठे? तुम्ही तर बारा म्हणाला होतात. जिभेवर डिझेल आलंच होतं, पण गिळलं आणि खरं ते सांगितलं. तो बराच वेळ हसला. पुढच्या वर्षीची सगळी मीच घेईन, म्हणाला, फक्त तेलाशिवाय.

म्हाताऱ्याला बसस्टँडवर सोडायला मी गेले. मी खुशीत होते, बडबड करत होते, झाडं वाचली म्हणून. वाचली ना? असं मी दोनदा विचारलं. तो खिडकीशी बसला होता. रागाने नाही, पीकपाणी सांगावं तसं त्याने सांगितलं.

"पाच ओळी वाचल्या, ताई. बाईनं माहे बारा किलो बुडवले, ते झाड पुढल्या साली पुन्हा देते. दोन ओळी तुमी बुडवल्या."

बस गेली. मला लाज वाटली, आजही वाटते.

त्या दोन ओळींच्या जागेवर मुलाने स्ट्रॉबेरी लावली. आता हिवाळ्यात मी कॉफीसाठी वर गेले की म्हातारा न विसरता डबाभर स्ट्रॉबेरी हातात देतो, आणि मी पहिली खाईपर्यंत समोरून हलत नाही. ही थुंकायची सोय नाही. खाते. गोड असते, हेच वाईट.