टाकीमागे

परवा बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि मुरुडची ती गच्ची आठवली. लॉकडाऊनमध्ये मी तिथल्या एका लॉजवर अडकले होते. डोंगर-समुद्राचे फोटो काढणं हे माझं काम. पण किनारा बंद होता आणि हातातली कामंही रद्द झाली होती. हाताची सवय मोडू नये म्हणून रोज सकाळी गच्चीवरून समुद्राचा एक तरी फोटो काढायचा, असं मी ठरवलं. समोरच्या गच्चीवर एक म्हातारी कोळीण दोरीवर बोंबील वाळत घालायची. पहिल्याच दिवशी मी तिला बाजूला व्हायची खूण केली, कारण माझ्या फोटोत मला माणूस नको असे. तेव्हापासून मी दिसले की ती बोंबलांची टोपली घेऊन आपणहून पाण्याच्या टाकीमागे जायची आणि तिथूनच विचारायची, "झाला का गो? येऊ भायेर?" दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोलायचं. पुढे एकदा मन इतकं विटलं, की चार दिवस मी खोलीतून बाहेरच आले नाही. पाचव्या सकाळी पलीकडून हाक आली, "आज बी न्हाय काढाचा? रोज येऊन टाकीमागं उभी ऱ्हाते मी." मी उठले, तोंडही न धुता कॅमेरा घेतला आणि फोटो काढला. त्यानंतर लॉज सोडेपर्यंत एकही सकाळ चुकवली नाही. परवा घरी येऊन ते सगळे फोटो पाहिले. समुद्र आहे, दोरीवर बोंबील आहेत, टाकी आहे. ती एकाही फोटोत नाही.