पलंगासमोरची भिंत

खोकीवाल्या काकांचा उभा जन्म गोदामात लाकडी खोकी ठोकण्यात गेला. आपल्या खोलीला लाकडाची भिंत हवी, ही काकूंची जुनी हौस, पण काकांच्या पगारात ती कधी बसलीच नाही. आता काकूंना कालचंही आठवेना, तेव्हा काका हट्टाला पेटले. आता कशाला, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातंय! काकांनी मोडक्या खोक्यांच्या फळ्या गोदामातून फुकटात आणल्या, खिळे उपटले, रंधा मारला आणि पलंगासमोरची भिंत उभ्या फळ्यांनी मढवली. कंबरेचा काटा ढिला झाला, पण भिंत बघत राहावी अशी झाली.

काकू उठून आल्या. त्यांनी फळ्यांवरून हात फिरवला, टकटक केलं, कान लावला आणि पुन्हा टकटक केलं.

"अगं, भिंत आहे ती," काका म्हणाले.

"भिंत कसली? एवढं मोठं दार आहे की!" काकू करवादल्या. मग काकांच्या हातातली हातोडी दिसली आणि त्यांचा सूर एकदम मऊ झाला.

"सुतारदादा, तेवढं उघडून द्या ना. आमचे हे पलीकडे एकटेच असतील हो."