दासगावला न दिलेला सांगावा

उमरठच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमची बौद्धवाडी आहे. वाडीच्या मंडळाचा मी चिटणीस, आणि म्हणून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही. नोकरी महाडच्या एका कचेरीत, बिऱ्हाडही महाडातच, पण वाडीत कुणाची म्हैस व्याली तरी मला आधी कळतं. वाडीत आता राहतात चाळीसएक माणसं. ग्रुपवर मात्र दोनशेच्या वर आहेत. मुंबई, पनवेल, पुणे, आणि एक जण कतारला. सकाळी फुलांचे गुच्छ, दुपारी कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस, संध्याकाळी राजकारणावरून हमरीतुमरी. ती मिटवायलाही मीच.

पण फोनला कुणी शिव्या देऊ लागलं की मला राग येतो. हा ग्रुप आम्ही काढला तो पावसाळ्यासाठी. वरचा डोंगर कधी खचेल याचा नेम नाही. एका दुपारी कोसळत्या पावसात ‘वरच्या घरांनी ताबडतोब शाळेत या’ एवढी एक ओळ मी टाकली आणि अर्ध्या तासात तीन घरं रिकामी झाली. त्या तीन घरांतली माणसं आज हिंडतायत. त्यामुळे यंत्राचा दोष काढून मी मोकळा होणार नाही. जे झालं ते मी केलं.

मंडळात नावं असतात ती मुलग्यांची. लग्न करून गेलेल्या लेकींना ग्रुपवर घ्यावं, असा विषय दोन वर्षांपूर्वी मीच काढला. वाडी लेकींचीही आहे, त्यांनाही तिथलं बरंवाईट कळायला हवं, असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं. थोडी कुरकुर झाली, पण ठराव झाला. त्याच दिवशी मी पंचवीसेक लेकींचे नंबर घातले. त्यात पहिला नंबर माझ्या चुलत बहिणीचा. ती दासगावला दिलेली, तिथल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, चुलत्याची एकुलती एक. चुलती लवकर गेली, तेव्हा ती अर्धी आमच्याच घरात वाढली. मी तिला बायच म्हणतो.

थंडी सरत आली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेदहाला वाडीतून धाकट्या भावाचा फोन आला. काका गेले. चहा पिऊन अंगणात उन्हाला बसले होते, ते बसल्या जागीच गेले. भाऊ म्हणाला, बायला फोन करू नको, जाऊन सांग. त्यानं सांगायची गरज नव्हती. मरणाचा सांगावा लेकीला फोनवर द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीतच आहे.

या रीतीला एक जुनी, कडू बाजूही आहे. गावात कुणी मेलं की गावोगाव सांगत फिरायचं काम एके काळी आमच्याच माणसांच्या माथी मारलेलं होतं. आजोबांनी ऐन उन्हात, अनवाणी, दहादहा कोस तुडवून परक्यांची मरणं सांगितली आणि ओसरीच्या खाली उभं राहून सांगितली. पुढे वाडीनं गावकीची ती सगळी कामं सोडली. पण आपल्या माणसांत सांगावा द्यायला आजोबा शेवटपर्यंत जात राहिले. ते बसायचे, गुराढोरांची चौकशी करायचे, आणि घरातलं माणूस नीट भिंतीला टेकून बसलंय हे पाहूनच तोंड उघडायचे. सांगून झाल्यावरही तासभर उठायचे नाहीत. परक्यांनी त्यांना दारात उभं केलं, म्हणून असेल कदाचित.

मी त्यांचा नातू. मी काय केलं, तर फोन ठेवल्या ठेवल्या बातमी लिहायला घेतली. मुंबईकरांना वाडीत पोचायला पाच-सहा तास लागतात आणि आमच्याकडे मयत त्यांच्यासाठी थांबवतात, त्यामुळे बातमी पहिल्यांदा मुंबईला जायला हवी, हे डोक्यात पक्कं. काकांचा फोटो शोधला, नाव, वय, ‘राहत्या घरून दुपारी चार वाजता’ असं सगळं नीट लिहिलं. दासगाव तर दहा किलोमीटरवर, गाडी काढली की पोचलो. माझ्या मनात ती जवळची होती, म्हणून मागे राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बातमी पडली आणि फोन सुरू झाले. किती वाजता उचलणार, चारचे साडेचार करा, जीपची सोय आहे का, फुलं आणू की तिकडे मिळतील. एकाला उत्तर देईपर्यंत दुसरा थांबलेला. कतारवाला तर रडतच होता, त्याला कसा तोडणार? पाऊण तास त्यातच गेला. कचेरीतून निघताना ग्रुप उघडून पाहिला तर साठ-सत्तर जणांचे जोडलेले हात आणि भावपूर्ण आदरांजली. आमच्यात श्रद्धांजली लिहीत नाहीत, तेवढं मात्र सगळे कटाक्षानं पाळतात. त्या रांगेत मधेच एका नंबरावर माझी नजर अडकली. बायचा नंबर. तिनंही हात जोडले होते.

तेव्हा मला आठवलं की तिला ग्रुपवर मीच घेतलंय. आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी असं, हलकं वाटलं. तिला कळलं होतं. आता मला सांगायला नको.

शाळेच्या व्हरांड्यात ती पर्स घेऊन उभी होती. मी एवढंच म्हणालो की चल, बस गाडीवर. ती बसली. महाड, पोलादपूर, पुढे घाटाचा रस्ता, तासाभरात ती एक शब्द बोलली नाही की माझ्या खांद्याला हात लावला नाही. वाडीत बायकांनी तिला मिठ्या मारल्या, ती ताठ उभी राहिली. लेक असून डोळ्याला पाणी नाय, असं कुणीतरी बोललंच. काही दिवसांनी काकांच्या पुण्यानुमोदनाच्या जलदान विधीलाही ती आली, पंगतीत वाढलं, भांडी घासली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ओळ उमटली की अमुक नंबरानं ग्रुप सोडला. माझे फोन तिनं घेतले नाहीत. एक नाही, दोन नाही, तीन महिने.

मधे मी मुलीकडे नव्या मुंबईला राहायला गेलो होतो. तिचा तेविसावा मजला. त्यांच्या इमारतीचं एक ॲप आहे. पाणी बंद असल्याचं, कचऱ्याची गाडी आल्याचं, लिफ्ट बिघडल्याचं सगळं त्यावर येतं, एकाच टिंगटिंगीत. एका सकाळी त्याच टिंगटिंगीत तिच्या मजल्यावरचे आजोबा वारल्याचं आलं. मुलीनं पोळी लाटता लाटता फोन पाहिला आणि पालथा ठेवला. मी म्हणालो, अगं, समोरचंच दार आहे. ती म्हणाली, “बाबा, सगळ्यांना कळलंय. कुणी रडत असताना दार वाजवणं बरं दिसत नाही.” ती वाईट नाही हो माझी पोर. उद्याची शहरं अशीच असणार, महाडातही आता तसल्या इमारतीची पाटी लागली आहे. कुणाला काही विचारायला नको, कुणाच्या दारात जायला नको. मी जाऊन ते दार वाजवलं. आतल्या बाईंना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं, पण त्यांनी मला आत घेतलं. तिथून परतताना ठरवलं की आधी दासगाव, मग घर.

बाय दारातच तांदूळ निवडत होती. नवरा कामावर गेलेला. मला पाहून ती उठली नाही, पण आत निघूनही गेली नाही. मी पायरीवर बसलो आणि माझं चुकलं म्हणालो. बातमी टाकण्याआधी तुझ्याकडे यायला हवं होतं, मुंबईच्या घाईत तुला विसरलो, असं सगळं बोललो. ती तांदळातून खडे काढत राहिली. मग तिनं विचारलं, माझे जोडलेले हात बघितलेस ना ग्रुपवर. मी हो म्हणालो. तुला कळलंय असं वाटलं म्हणून मग काही बोललो नाही, हेही सांगून टाकलं.

“हातात पळी होती,” ती म्हणाली. “फोन सारखा वाजत होता. वर नुसती आदरांजली दिसली. वाडीतलं कोणतरी गेलं असंल म्हणून तिथूनच हात जोडले. खिचडी उतरवली, पोरांना वाढली, नि मग बघितलं कोण गेलं ते.”

सत्तर माणसांच्या रांगेत तिनं आपल्या बापाला असे हात जोडले होते, परक्यासारखे, आणि ते आता पुसताही येत नव्हते. मी ते पाहून सुटलो होतो.

“सगळ्या वाडीला कळलं, मुंबईला कळलं, कतारला कळलं,” ती म्हणाली. “मला पण कळलं. पण दादा, मला कोणी सांगितलं नाय. तू गाडी घेऊन आलास, तू पण नाय सांगितलंस. अजून कोणीच सांगितलं नाय.”

सूप तिनं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे तोंड करून बसली. “सांग आता.”

तीन महिने झाले होते. काकांच्या अंगणात आता पाचोळा साठला होता. तरी माझी जीभ उचलेना, जणू मी आत्ताच बातमी घेऊन पोचलो होतो.

“बाय,” मी म्हणालो, “तुझे बाबा गेले गो.”

“कधी?” तिनं विचारलं.

“आज सकाळी,” मी म्हणालो, आणि ती रडायला लागली.